दहा-बारा हजाराच्या फोनवर चांगले फोटो काढायचे असतील तर हे करून बघा

आमच्या मावशीचा दिवाळी फराळाचा घरगुती धंदा आहे आणि तिच्या चकल्या, करंज्या, अनारशांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. फोन साधाच, अकरा हजाराचा. पहिल्या वर्षी रात्री स्वयंपाकघरात ट्यूबखाली फोटो काढले तर चकली काळपट आली आणि अनारसा हिरवट पिवळा, मावशी बघून एवढंच म्हणाली, "माझा अनारसा असा दिसतो का रे?" ते मनाला लागलं माझ्या. तेव्हापासून याच्या मागे लागलो आणि फोन न बदलता जे जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण नवीन फोन घ्या हा सल्ला सगळेच देतात पण हातातल्या फोनचं काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग बाकी सगळं आपोआप पटेल. बॉक्सवर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, असते नखाएवढी. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये सॅमसंगचा जेएन१ नावाचा सेन्सर येतो, त्याचा एकेक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा असतो, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे विचार करा किती बारीक. एवढ्याशा पिक्सेलवर उजेड पडणार तो किती! म्हणून फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतो आणि तुम्हाला साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. हे चांगलंच आहे, तसंच राहू द्या. मुद्दाम ५० मेगापिक्सेलचा मोड लावला तर भर उन्हात थोडे बारकावे जास्त मिळतात, पण घरात किंवा संध्याकाळी फोटो रवाळ येतो आणि फाइल मोठी होते ते वेगळंच. तर स्वस्त फोनच्या कॅमेऱ्याला भूक असते ती उजेडाची, आणि कमी उजेडात तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो म्हणून तेवढा वेळ फोन हलता कामा नये.

आता सगळ्यात पहिलं काम, लेन्स पुसा. हसू नका, खरंच सांगतोय. फोन दिवसभर खिशात, पर्समध्ये, ओट्यावर फिरतो, तेलकट बोटं लागतात, आणि मग दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं, रात्री गाड्यांच्या लाइटच्या लांब रेघा ओढल्यासारख्या दिसतात. चष्म्याचं कापड किंवा जुन्या सुती साडीचा स्वच्छ तुकडा घ्या, आधी फुंकर मारून धूळ उडवा आणि मग हलक्या हाताने पुसा. लेन्सवर वरून चिकटवलेली काच असेल आणि ती चरे पडून धूसर झाली असेल तर ती काढून टाका, त्या काचेपायी कितीतरी फोन उगाच बदनाम होतात. पारदर्शक कव्हर असेल तर फ्लॅश मारल्यावर त्याची चमक लेन्समध्ये शिरते का तेही एकदा कव्हर काढून तपासा.

उजेडाचं म्हणाल तर खिडकीसारखा लाइट विकत मिळत नाही. मावशीचे फोटो आता मी सकाळी दहाच्या सुमाराला काढतो, खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर स्टूल, त्यावर ताट, आणि खिडकी माझ्या पाठीमागे नाही तर बाजूला, डावीकडे किंवा उजवीकडे. बाजूने उजेड आला की चकलीच्या काट्याची सावली पडते आणि ती कुरकुरीत दिसते, माझ्या पाठीमागून उजेड आला की सगळं सपाट. दुसऱ्या बाजूला फार काळोख वाटला तर तिकडे पांढरा कार्डशीट उभा करा, नाहीतर खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाका, उजेड उलटून परत येतो. थेट ऊन ताटावर पडत असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा ओढणी लावायची. आणि हे करताना घरातला बल्ब, ट्यूब बंद करा, हे फार लोक विसरतात. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकदम आले की कॅमेऱ्याला पांढरं कुठलं तेच कळत नाही. माझा हिरवा अनारसा असाच झाला होता, ट्यूबचा पांढरा आणि देवघरातल्या बल्बचा पिवळा अशी खिचडी.

पदार्थ जवळून घ्यायचा म्हणून तो २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा वापरू नका. त्यातले बरेचसे फक्त तीन-चार सेंटीमीटरवरून फोकस होतात, तेवढ्या जवळ गेलं की फोनचीच सावली पडते. मेन कॅमेरा एक वीत-दीड वीत लांब धरा, २एक्स म्हणजे दुप्पट झूम करा आणि काढा, कितीतरी बरा येतो. पण २एक्सच्या पुढे जाऊ नका, पुढचा झूम म्हणजे फोटो कापून ताणलेला असतो, त्यापेक्षा दोन पावलं पुढे चालत जा.

गणपतीचे फोटो हा स्वस्त फोनवाल्यांचा सगळ्यात अवघड पेपर. मखराच्या मागे लायटिंगच्या माळा, पुढे समई, आणि बाप्पाचा चेहरा काळा. असं का होतं, तर कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा उजेड बघून हिशोब करतो, मागच्या माळा एवढ्या प्रखर की तो सगळाच फोटो गडद करतो. उपाय असा की स्क्रीनवर बाप्पाच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि दाबूनच धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, मग बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं ते हळूहळू वर-खाली करून चेहरा नीट दिसेल तिथे थांबवा. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद दोन्ही भाग सांभाळणारी सेटिंग, ऑटोवर ठेवा. आणि जमलं तर दोन मिनिटं मागच्या माळा बंद करून एखादा दिवा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावा, भिंतीवरून परतलेला उजेड मूर्तीवर अगदी मऊ पडतो. फ्लॅश मात्र नको, रंग दिलेल्या मूर्तीवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि डोळ्यांतला भाव जातो. मी आता घरच्या मूर्तीचा मुख्य फोटो प्रतिष्ठापनेनंतर दुपारीच, दार उघडं ठेवून काढतो, रात्रीचे मग आरतीचे, माणसांचे.

फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात ना, तो फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये अँटी-बँडिंग किंवा अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा, प्रो मोड (सगळं हाताने ठरवता येतं तो) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. स्वस्त माळांमधल्या काही एलईडींना याने पण फरक पडत नाही, तिथे माळाच फ्रेमबाहेर ठेवायच्या.

नाइट मोड. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर नाइट साइट आणलं आणि त्यानंतर हे स्वस्त फोनपर्यंत पोचलं, याचं काम साधं आहे, फोन एकामागून एक बरेच फोटो काढतो आणि ते एकावर एक बसवून रवाळपणा घालवतो. म्हणजे त्या दोन-तीन सेकंदात फोन हलला तर सगळं पाण्यात. कोपरं बरगड्यांना टेकवा, भिंतीला पाठ लावा, नाहीतर फोन सरळ एखाद्या डब्याला टेकवून उभा करा (माझा पोह्यांचा स्टीलचा डबा यासाठी ठरलेला आहे) आणि ३ सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बटण दाबतानाचा धक्का पण बसत नाही. रांगोळी, पणत्या, कंदील, देऊळ यांना नाइट मोड उत्तम. पळणाऱ्या पोरांना अजिबात नाही, तीन डोकी दिसतात.

पोरांचे फोटो दिवसा, बाहेर, सावलीत काढा, बऱ्याच फोनमध्ये बटण दाबून धरलं किंवा खाली ओढलं की लागोपाठ फोटो निघतात, त्यातला एक तरी डोळे उघडे असलेला मिळतोच. व्हिडिओ काढून त्यातून फोटो काढू म्हणाल तर १०८० च्या व्हिडिओतली एक फ्रेम जेमतेम २ मेगापिक्सेलची असते, मोबाईलवर बघायला ठीक. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून झूम करण्यापेक्षा नाच सुरू व्हायच्या आधीच बाजूच्या पॅसेजमधून पुढे जाऊन बसा आणि स्टेजच्या लाइटमुळे चेहरे पांढरेफट्ट होतात म्हणून तो सूर्य थोडा खाली ओढा.

माणसांचा फोटो काढताना फार जवळ जाऊ नका, जवळून नाक मोठं आणि कान बारीक दिसतात, पाच-सहा फूट मागे सरका आणि २एक्स करा. मागचं धूसर हवं असेल तर माणसाला भिंतीपासून दूर आणा, मागचं आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड केस आणि चष्म्याच्या काड्या खातो, स्वस्त फोनमध्ये तर जास्तच. आणि एक मनापासून सांगतो, ब्युटी मोड बंद करा. तो सेटिंगमध्ये बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतो, सुरकुत्या पुसतो, रंग उजळ करतो. आमच्या आजीचा पंच्याहत्तरीचा फोटो मी असाच काढला होता, कपाळावरचं गोंदण जवळजवळ पुसलं गेलं त्यात. ती पंच्याऐंशी वर्षांची होऊन गेली, आणि गोंदण नीट दिसणारा माझ्याकडे एकच फोटो आहे, नंतर अंगणात काढलेला. माणूस जसा आहे तसा यायला पाहिजे.

एडिटिंगला स्नॅपसीड पुरतं, फुकट आहे. थोडा ब्राइटनेस, व्हाइट बॅलन्समध्ये ताट खरंच पांढरं दिसेल इतपत बदल, बस. शार्पनिंग फार वाढवू नका, रवाळपणाच वर येतो. स्टोरेज अगदी काठोकाठ भरलेलं असेल तर फोटो सेव्ह व्हायला वेळ लागतो आणि क्षण निघून जातो, ते गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड आधी डिलीट करा.

पाठवताना व्हॉट्सॲपवर एचडी निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर तो बराच आवळून टाकतो आणि समोरच्याला वाटतं तुमचा कॅमेराच असा. प्रिंट काढायची असेल तर तर हे नक्कीच लक्षात ठेवा. साडेबारा मेगापिक्सेलच्या फोटोची ८ बाय १२ इंचाची प्रिंट अगदी झकास येते, आजीच्या अंगणातल्या फोटोची मी तशीच काढली. फक्त फोटो काढतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडा कारण फोनचा फोटो जास्त चौकोनी असतो आणि प्रिंटला तो वरून-खालून किंवा बाजूने कापला जातो, आणि स्टुडिओत देताना मूळ फाइल केबलने किंवा पेनड्राइव्हवर द्या, ग्रुपवरून परत डाउनलोड केलेली नको.