हातखाणीतला कोबाल्ट घेताय? या चुका टाळा

एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीत कोबाल्ट लागतो आणि जगातला साधारण ७० टक्के कोबाल्ट एकट्या डीआर काँगोतून निघतो, त्यातला बराचसा मोठ्या कंपन्यांच्या खाणीतला, पण तिथल्या कोलवेझी शहराच्या आसपास हजारो माणसं कुदळ-पहार घेऊन हातानेही खोदतात, आणि खरेदीवाल्यांचं नेमकं इथेच चुकतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे करारात "हातखाणीचा माल नको" एवढं एक वाक्य टाकून मोकळं होणं. माल थांबत नाही हो! तो कोलवेझीजवळच्या मुसोम्पोच्या डेपोत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या खरेदी-ठाण्यावर विकला जातो, पुढे मोठ्या खाणीच्या मालात मिसळतो, मग कुठली गोणी कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि कायदेशीर जागा मिळाली नाही की खोदणारा घरी थोडाच बसतो, तो कंपनीच्या खाणीत घुसतो. जून २०१९ मध्ये कोलवेझीत अशीच दरड कोसळून चाळीसच्या वर लोक गेले. म्हणून हात झटकू नका, परवानगी असलेल्या क्षेत्रातूनच घ्या आणि ते क्षेत्र सुधारायला पैसे घाला.

दुसरं, हेल्मेट वाटायचे आणि फोटो काढायचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! माणसं मरतात ती बोगदा खचून. कायद्याने ३० मीटरच्या खाली जायचं नाही, पण तिथे टेप घेऊन कोण उतरतंय? कोलवेझीजवळच्या मुटोशी खाणीत २०१८ पासून वेगळं करून बघितलं, मशीनने वरची माती काढून उघडे खड्डे दिले, कुंपण घातलं, गेटवर चेकिंग ठेवलं. २०२० ला कोविडमध्ये ते थांबलं, पण पद्धत बरोबर होती.

आता मापात पाप, ज्याकडे ऑडिटवाले सहसा बघतच नाहीत. डेपोवर व्यापारी मेटोरेक्स नावाचं हातातलं यंत्र मालावर धरतो, त्यात जी टक्केवारी दिसेल त्यावर भाव. काटा त्याचा, यंत्रही त्याचंच, मग खोदणाऱ्याने कमी आकड्याची तक्रार करायची कुणाकडे? नमुन्याचे दोन भाग करा, एक तिसऱ्याकडून तपासून घ्या, आजचा भाव फळ्यावर लिहायला लावा. भाव नीट मिळाला तर पोरांना खड्ड्यावर आणायची वेळही कमी येते, नुसतं पोरांना हाकलून काही होत नाही, ती पलीकडच्या खड्ड्यावर जातात.

आणि "आम्ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी वापरतो, सुटलो" म्हणणाऱ्यांसाठी: त्यात कोबाल्ट नसतो हे खरं, पण तांबं असतंच, आणि त्याच भागात तेही हाताने खोदून निघतं.