महागड्या इंजेक्शनचा क्लेम अडकतो कुठं? या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या काकूंना स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब सुरू झालं तेव्हा घरात सगळे निवांत, 5 लाखांची पॉलिसी आहे की ओ, कशाला घाबरायचं. चुकलं ते इथंच. हे इंजेक्शन बहुतेक वेळा दर 3 आठवड्यांनी, वर्षभर चालतं. 2019 च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमामुळे कंपनीला असली अँटीबॉडीची औषधं सरळ वगळता येत नाहीत, पण त्यांच्यावर सबलिमिट मात्र लावता येते, म्हणजे कव्हर 5 लाखांचं असलं तरी त्या औषधाला मिळणार ठरावीकच रक्कम. आम्ही पॉलिसीतलं सबलिमिटचं पान उघडलं चौथ्या डोसला, तोवर लिमिट संपत आलेली. तुम्ही पहिल्या डोसच्या आधी उघडा, आणि डॉक्टरांकडून एकूण किती डोस, प्रत्येकाचा खर्च किती हे लिहून घेऊन टीपीएला (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी एजन्सी) दाखवा.

दुसरं, बिल. "मेडिसिन" म्हणून एकच मोठा आकडा असलेलं बिल घेऊन घरी येऊ नका, परत फेऱ्या मारायला लागतात. औषधाचं नाव, बॅच नंबर, किती वायल (बाटल्या), सगळं वेगवेगळं पाहिजे, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि बायोप्सीचा रिपोर्ट.

पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा रूम महागडी घेतली म्हणून पूर्ण बिलातून त्याच प्रमाणात पैसे कापले तर गप्प बसू नका. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावायची नाही असा 2020 पासूनचा नियम आहे. हे मला फार उशिरा कळलं, आणि आपल्या भागात कितीतरी जणांना अजून माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडचे बरेच जण उपचाराला मिरज-कोल्हापूर गाठतात. जाण्याआधी ते हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का बघा. आयुष्मान कार्डवर विसंबून असाल तर कर्नाटकात एपीएलवाल्यांना (दारिद्र्यरेषेच्या वरचे) पॅकेजच्या 30 टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि इमर्जन्सी नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडं तक्रार, तिथं भागलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. एजंट कोल्हापूरचा असला तरी तुमचा पत्ता बेळगावचा असेल तर बेंगळुरूच्या लोकपालाकडं जाता येतं, नकार आल्यापासून 1 वर्षाच्या आत, आणि त्याची फी काही नाही.