कामावर जाणाऱ्या आईने अंगावरचं दूध कसं टिकवायचं

धुणीभांडी, बिगारी, ऊसतोड असल्या कामाला जाणारी बाई बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांतच परत कामाला लागते, कारण खाडा झाला की पैसे कापतात नाहीतर काम दुसरीला जातं. २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण ती १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, घरकामवालीला कोण देतंय? मग घरचे म्हणतात हिला दूधच येत नाही. अहो बाळ दिवसभर लांब, पाजणंच कमी झालं, आणि जेवढं दूध निघतं तेवढंच परत बनतं.

म्हणून निघताना पाजा, आल्या आल्या पाजा, आणि रात्री मागेल तेव्हा पाजा, रात्रीच्या पाजण्यानेच पान्हा टिकतो.

मधल्या वेळेसाठी हाताने दूध काढून ठेवा, पंप लागत नाही. हात साबणाने धुवा, झाकणाची स्टीलची डबी उकळून घ्या. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला धरा, आधी छातीकडे दाबा मग अंगठा-बोटं जवळ आणून दाबा आणि सोडा, परत तसंच. बोंड ओढू नका, दुखत असेल तर पकड चुकतेय. सुरवातीला थेंबथेंबच येतं, घाबरून सोडून देऊ नका प्लीज. झाकून सावलीत ४ तास चालतं, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत एवढं धरू नका, डबी थंड पाण्यात ठेवा आणि लवकर पाजा. वाटी-चमच्याने पाजायचं, बाटली नको, आणि ते दूध गॅसवर तापवायचं नाही हे बाळाच्या आजीला आधीच सांगून ठेवा.

कामावर छाती भरून आली की बाथरूममध्ये जाऊन थोडं काढा, नाहीतर गाठी होतात. ज्यांच्या घरी अशी बाळंतीण कामाला येते त्यांनी १० मिनिटं आणि फ्रीजमध्ये डबीपुरती जागा द्यावी, पैसे न कापता.

पावडरचा डबा महाग, तो पुरवायला लोक पाणी वाढवतात, मग बाळाचं वजन अडतं, पाणी खराब असलं तर जुलाब वेगळेच.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००, फॉर्म आशाताईकडे भरा. आणि बाळंतिणीला सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं वाढू नका!

दिवसात सहा-सात वेळा लघवी होतेय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय. वजन थांबलं तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.