पीटर्सबर्गला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

सेंट पीटर्सबर्गला निघालेले ओळखीचे लोक आपला बेत दाखवतात, तेव्हा ठिकाणांची यादी अगदी बरोबर असते. हर्मिटाज संग्रहालय, पीटरहॉफचा राजवाडा, कॅथरिन पॅलेस, सेंट आयझॅक, रंगीत घुमटांचं स्पास-ना-क्रोवी चर्च, काहीही सुटलेलं नसतं. चुकतो तो वार. या शहरात नेमकं तिथेच सगळं फिसकटतं, कारण इथली मोठी ठिकाणं वेगवेगळ्या वारी बंद असतात.

हर्मिटाज सोमवारी बंद. पीटरहॉफचा मोठा महालही सोमवारीच. रशियन म्युझियम आणि कॅथरिन पॅलेस मंगळवारी बंद. सेंट आयझॅक कॅथीड्रल आणि स्पास-ना-क्रोवी बुधवारी. शिवाय बऱ्याच संग्रहालयांना महिन्यातून एकदा साफसफाईची जादा सुट्टी असते. कॅथरिन पॅलेसला महिन्याचा शेवटचा सोमवार, पीटरहॉफच्या महालाला शेवटचा मंगळवार. म्हणजे रविवारी रात्री उतरून सोमवार ते बुधवार असे तीन दिवस धरणारा माणूस रोज कुठल्या ना कुठल्या बंद दारासमोर उभा राहू शकतो. म्हणून आधी कागदावर वार लिहा आणि मग त्यांत ठिकाणं बसवा. सोमवारी सेंट आयझॅक, स्पास-ना-क्रोवी आणि कालव्यांतली बोट. मंगळवारी हर्मिटाज, बुधवारी कॅथरिन पॅलेस. सणासुदीला वेळा बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

हर्मिटाजला दोन तास?

या शहरातली सर्वांत मोठी चूक हीच, असं माझं ठाम मत आहे. 'सकाळी हर्मिटाज, दुपारी पीटरहॉफ' हे वाक्य बेतात दिसलं की मी ते खोडायला सांगते. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन द ग्रेट हिने १७६४ मध्ये चित्रं जमवायला सुरुवात केली, त्या संग्रहात आज सुमारे तीस लाख वस्तू आहेत. दोन तासांत फक्त जॉर्डन जिना, सोन्याच्या मुलाम्याची दालनं आणि लिओनार्दोच्या दोन मॅडोनांपुढची गर्दी, एवढंच पदरात पडतं. पूर्ण दिवस द्या. तेवढा नसेल तर बुधवार किंवा शुक्रवार निवडा. त्या दिवशी संग्रहालय रात्री आठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सहलींचे गट पांगलेले असतात.

दुसरी चूक इमारतीची. मातिसचं 'नृत्य', मोने, रन्वा, व्हॅन गॉग हे सगळं विंटर पॅलेसमध्ये, म्हणजे हर्मिटाजच्या मुख्य इमारतीत, शोधत लोक हिंडतात. ती चित्रं आता पॅलेस स्क्वेअरच्या पलीकडे, जनरल स्टाफ बिल्डिंगमध्ये आहेत. चौकातली ती पिवळी, कमानीची अर्धगोल इमारत म्हणजे हर्मिटाजचाच भाग आहे, पण तिचं दार वेगळं. तिकीट काढताना कोणत्या इमारतीचं काढतोय ते नीट वाचा. तिकिटावरची वेळही पाळा.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण तिच्यापायी अर्धा तास जातो. कोट आणि पाठीवरची सॅक आत नेता येत नाही, खाली कपडे ठेवायच्या खोलीत जमा करावी लागते. पासपोर्ट आणि पैसे लहान पर्समध्ये घेऊनच निघा.

आत गेल्यावर रेम्ब्राँच्या दालनात मात्र घाई करू नका. 'उधळ्या मुलाचं परतणं' या चित्रासमोर उभं राहून आधी मुलाचा पाय बघा. चपलेतून निसटलेला, झिजलेल्या तळव्याचा. मग त्याच्या पाठीवर टेकलेले म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात बघा. गाइडच्या झेंड्यामागे धावताना यातलं काहीच दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला, म्हणजे याच शहराला, वेढा पडला, तेव्हा इथली चित्रं आधीच दूर हलवली होती आणि भिंतींवर नुसत्या चौकटी राहिल्या होत्या. संग्रहालयाच्या मार्गदर्शकाने त्या रिकाम्या चौकटींसमोर उभं राहून सैनिकांना कोणतं चित्र कुठे होतं ते आठवणीने वर्णन करून सांगितलं. हे माहीत असलं की त्या दालनांतून चालणंच बदलतं.

पीटरहॉफ आणि कॅथरिन पॅलेस एकाच दिवशी

दोन्ही राजवाडे, दोन्ही शहराबाहेर, म्हणून लोक ते जोडतात. नकाशा बघा. पीटरहॉफ पश्चिमेला फिनलंडच्या आखातावर आहे, कॅथरिन पॅलेस दक्षिणेला पुश्किन गावात. दोन्ही करायला गेलात तर दिवस गाडीत जातो. एकच निवडायचं असेल तर उन्हाळ्यात पीटरहॉफ, थंडीत कॅथरिन पॅलेस. कॅथरिन पॅलेसमधली, अंबर या पिवळसर खड्याने मढवलेली खोली पीटरहॉफच्या कारंज्यांसारखी ऋतूवर अवलंबून नाही. मूळ खोली नाझींनी लुटून नेली आणि ती पुन्हा सापडली नाही. आज दिसते ती कारागिरांनी वर्षानुवर्षं खपून २००३ मध्ये पूर्ण केलेली आहे.

पीटरहॉफची कारंजी बारमाही नसतात. साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती चालतात. नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांना कोरड्या टाक्या बघायला मिळतात. उन्हाळ्यात गेलात तर अकराच्या आत कारंज्यांच्या मोठ्या धबधब्यासमोर जागा पकडा, कारण अकराला संगीताच्या साथीने तो सुरू होतो. मधोमध सिंहाचा जबडा फाडणारा सोन्याचा सॅमसन आहे. १७०९ मध्ये पोल्ताव्हाला स्वीडनवर मिळवलेल्या विजयाची ती खूण. मूळ पुतळा दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला, हा १९४७ मध्ये नव्याने घडवलेला. सिंहाच्या तोंडातून सुमारे वीस मीटर उंच उडणारी धार पंपाशिवाय उडते, हे जवळून बघताना लक्षात ठेवा. अठराव्या शतकात दूरच्या उंचवट्यावरून कालव्याने आणलेलं पाणी फक्त उताराच्या जोरावर इथवर येतं.

इथे फसायच्या जागा तीन. वरची बाग फुकट, पण कारंजी असलेल्या खालच्या बागेला तिकीट आहे आणि ते एकदाच चालतं. जेवायला बाहेर पडलात की पुन्हा नवं तिकीट. डबा सोबत ठेवा. महालाचं तिकीट त्याहून निराळं. आणि पॅलेस एम्बँकमेंटवरून सुटणारी 'मेतेओर' ही वेगवान बोट मजेची असली तरी वारा सुटला की रद्द होते आणि संध्याकाळी परतीला रांग लागते. जाताना बोट आणि येताना लोकल ठेवा. नोवी पीटरहॉफ स्टेशनावरून बाल्टिस्की स्टेशनाला गाड्या येतात.

रात्री पूल उघडतात, तेव्हा तुम्ही कुठल्या काठावर?

साधारण एप्रिल ते नोव्हेंबर नेव्हा नदीवरचे पूल मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी उघडतात. पॅलेस ब्रिजच्या दोन पाकळ्या वर उचलल्या जातात आणि त्यांच्या मधून पीटर-पॉल किल्ल्याचा सोनेरी सुळका दिसतो. बघाच. पण हॉटेल पलीकडच्या वसिलेव्स्की बेटावर आणि तुम्ही उभे हर्मिटाजच्या बाजूला, असं झालं तर पहाटेपर्यंत अडकाल. मेट्रो बाराच्या सुमारास बंद होते. उपाय सोपा आहे. ज्या काठावर हॉटेल, त्याच काठावर उभं राहा. अडकलातच तर टॅक्सीवाल्याला टोलच्या द्रुतगती मार्गाने न्यायला सांगा. त्या मार्गावरचा उंच पूल उघडत नाही, फक्त भाडं जास्त पडतं.

मेट्रोतला गोंधळ

मुंबईत दादर हे दोन्ही मार्गांवर दादरच असतं. इथे तसं नाही. गाडी बदलायची जागा एकच असली तरी बहुतेक ठिकाणी प्रत्येक मार्गावर तिचं नाव वेगळं. निळ्या मार्गावरचं 'नेव्हस्की प्रॉस्पेक्ट' आणि हिरव्यावरचं 'गोस्तिनी द्वोर' एकमेकांना जोडलेली आहेत. लोक चुकीचं स्टेशन समजून परत फिरतात. त्यात काही जुन्या स्थानकांवर फलाट आणि रूळ यांच्यामध्ये भिंत असते, दारं उघडेपर्यंत गाडीतून काही दिसत नाही. म्हणून स्टेशनं मोजत जा. हर्मिटाजसाठी 'अद्मिराल्तेय्स्काया'ला उतरा. हे स्थानक ८६ मीटर खोल आहे, तेव्हा सरकत्या जिन्यांचा वेळ धरूनच निघा.

रेल्वे स्टेशनांची नावं गाडी जिकडे जाते त्यावरून आहेत. मॉस्कोची गाडी पीटर्सबर्गच्या 'मोस्कोव्स्की' स्टेशनावरून सुटते, तर मॉस्कोहून इकडे यायला 'लेनिनग्राडस्की' स्टेशन गाठावं लागतं.

पैसे, कागद, फोन

मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. दुकानात नाही, एटीएममध्ये नाही, ऑनलाइन तिकिटालाही नाही. डॉलर किंवा युरो रोख न्या, नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या. विमानतळावर अगदी थोडेच बदला, बाकीचे शहरातल्या बँकेत, पासपोर्ट दाखवून. घरून कार्डाने तिकीट काढता येत नसेल तर हॉटेलला किंवा तिथल्या टूरवाल्याला आगाऊ काढायला सांगा. जूनमध्ये हर्मिटाजच्या खिडकीवर आयत्या वेळी उभं राहण्यात सकाळ जाते.

ई-व्हिसा भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून मिळतो. अर्जातलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर विमानात बसण्याआधीच अडवतील. हॉटेल तुमची परदेशी पाहुणा म्हणून सरकारी नोंदणी करतं. घरगुती खोलीत राहणार असाल तर घरमालक नोंदणी करणार आहे ना, हे आधी विचारा.

ड्रोनच्या धोक्यामुळे मोबाइल इंटरनेट मधूनच बंद पडतं आणि नकाशावरचा तुमचा ठिपका भलतीकडे उडतो. शहराचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा. गोव्यात मोरजीतल्या दुकानांवर ज्या पाट्या पाहिल्या असतील, तीच ती अक्षरं. दोन संध्याकाळी बसून शिकलात तर स्टेशनांची नावं वाचता येतात. युद्ध सुरू आहे, त्यामुळे निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. पीटर्सबर्गमध्ये भारताचं वाणिज्य दूतावासही आहे, त्याचा फोन नंबर त्याच कागदावर लिहा.

ऋतू आणि ताट

जूनच्या अखेरीस दिवस जवळपास एकोणीस तासांचा असतो. मुलं सोबत असतील तर डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या, नाहीतर कोणी झोपत नाही. डिसेंबरात सहा तासही उजेड मिळत नाही, तेव्हा बाहेरची ठिकाणं दुपारीच उरका. जुलैतही छत्री आणि पातळ जाकीट लागतंच.

शाकाहारी माणसांनी बोर्श मागवण्याआधी विचारावं. बिटाचं लाल सूप दिसायला निर्धोक असतं, पण बहुधा मांसाच्या रश्श्यात केलेलं असतं. बटाट्याचे वारेनिकी, कोबीचे पिरोझ्की, पनीरसारख्या ताज्या चीजचे सिर्निकी आणि जॉर्जियन हॉटेलातलं चीज भरलेलं खाचापुरी यांवर पोट छान भरतं. जवळपास सगळ्यावर शेपू भुरभुरलेला असतो. तो आवडत नसेल तर ऑर्डर देतानाच 'बेझ उक्रोपा' सांगा, म्हणजे शेपूशिवाय आणतील.