गोव्यात हीटर कशाला लागतो?

ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला लागलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. आमच्या डिचोलीत डिसेंबरातसुद्धा जाड पांघरूण घेतलं तर घाम येतो. उस्तादांनी डॅशबोर्ड उघडून दाखवला तेव्हा कळलं, हीटर असो की एसी, हवा फेकणारा पंखा एकच. त्यालाच ब्लोअर म्हणतात. जुलैत चोर्ला घाट चढताना समोरची काच आतून धुरकट होते. ती साफ करायला एसी आणि हीटर दोन्ही लावायचे असतात. ब्लोअर मेलेला असला की ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्याने फडका मारतो. म्हणून मिरग लागला की या गाड्या गॅरेजच्या दारात येतातच.

गिऱ्हाईक मात्र ब्लोअरचं नाव घेत नाही. "पात्रांव, एसी चलना," म्हणजे 'मालक, एसी चालत नाही', एवढंच सांगतं. अशा वेळी लगेच खाली वाकायचं नाही. आधी नॉब स्वतः फिरवून बघायचा, कुठल्या नंबरावर पंखा चालतो ते. निम्मं निदान तिथेच होतं.

एक, दोन, तीनवर काही नाही आणि चारवर एकदम जोरात, असं असेल तर बहुतेक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग, गेला. कमी स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारांतून जातो आणि फुल स्पीडला त्याला वगळून थेट जातो, म्हणून चार नंबर वाचतो. हे पाठ करून मी शहाणा झालो होतो. शिकाऊ असताना अशीच एक छोटी गाडी आली. मी वीस मिनिटांत रेझिस्टर बदलला, चारही स्पीड चालू. तीन आठवड्यांनी तीच गाडी परत, आणि आत जळक्या प्लास्टिकचा वास. रेझिस्टरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, वितळून पिना काळ्या पडलेल्या.

उस्ताद रागावले नाहीत, "मोटर काढ" एवढंच म्हणाले. पंख्याच्या पिंजऱ्यात आंब्याचा मोहोर, पानांचा चुरा आणि लाल धूळ घट्ट बसली होती. गाडी घरी आंब्याखाली उभी राहायची आणि कुणीतरी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून टाकला होता, परत घातलाच नव्हता. पंखा जड झाला की मोटर जास्त करंट ओढते. शिवाय रेझिस्टर थंड राहतो तो याच पंख्याच्या हवेवर, कारण त्याला मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो. करंट वाढला, वारा घटला, तो भाजून निघाला. मी मेलेला बदलला आणि मारणारा आतच ठेवला.

तेव्हापासून रेझिस्टर बदलायच्या आधी मी फुल स्पीडला मोटरचा करंट मोजतो. छोट्या-मध्यम गाड्यांत तो साधारण 10 ते 20 अँपिअर असतो. त्याच मॉडेलची धड गाडी गॅरेजात उभी असेल तर तिचाही मोजून ठेवा, तुलनेला तेच उत्तम. वायरभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजणाराच घ्या. घरच्या वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो. माझे पहिले साठवलेले पैसे त्या चुकीच्या मीटरवर गेले.

कुठल्याच नंबरावर पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच), मग मोटर. फ्यूज उडाला म्हणून मोठ्या अँपिअरचा घालू नका. फ्यूज वाचेल, वायर पेटेल. मोटरच्या बुडाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली आणि ती फिरायला लागली, तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे, झिजलेत असं समजा.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते टेस्ट लॅम्पवर, म्हणजे वायरीत करंट आहे का ते बघायच्या दिव्यावर. बऱ्याच गाड्यांत मोटरच्या एका पिनवर इग्निशन दिल्यापासून 12 व्होल्ट असतातच, स्विच कंट्रोल करतो तो अर्थचा, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायचा, रस्ता. लॅम्प पेटला म्हणून 'सप्लाय ठीक, मोटर खराब' असा निकाल देऊन चांगली मोटर फेकणारे मी पाहिलेत. कपलर लावलेला असताना, फुल स्पीडला, मोटरच्या दोन्ही पिनांमध्ये व्होल्ट मोजा. जवळजवळ बॅटरीइतके मिळतात आणि ती फिरत नाही, तर मोटर गेली. नऊच मिळाले तर उरलेले वाटेत कुठेतरी खाल्ले जातायत. किनाऱ्याकडच्या गाड्यांत मी आधी अर्थचा बोल्ट सोडवतो. कळंगुट-बागा भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टर्मिनल खाऱ्या हवेने हिरवे पडलेले असतात. पॉलिश पेपर मारून घट्ट केलं की पुष्कळदा काम संपतं, मग बिल काय लावायचं हा प्रश्न उरतो.

पंख्याचा आवाज जोरात आणि हवा नुसती फुंकर, तेव्हा वायरिंगला हातच लावू नका. फिल्टर बघा. खाणपट्ट्यातल्या गाड्यांचा फिल्टर विटेसारखा निघतो. हवा भरपूर पण हीटरला गरम होत नसेल तर दोष ब्लोअरचा नाही. कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी, ते पाणी सोडणारा-अडवणारा थर्मोस्टॅट आणि गरम-थंड हवेची झडप तपासा.

ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथल्या सिग्नल वायरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही. आणि डॅशबोर्डखाली पिवळे कपलर दिसले तर हात मागे घ्या, ते एअरबॅगचे. ब्लोअर बहुधा डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत असतो. सीट पूर्ण मागे सारून उताणं पडा, डोळ्यांवर चष्मा लावा. मोटर खाली उतरली की सगळा मोहोर तोंडावर येतो, कधी उंदराचं घरटंसुद्धा.