गॅसचा किरकोळ बाजार स्पर्धेला खुला करताना: आधी काय, मग काय

पाइपने घरी येणाऱ्या गॅसचा पुरवठादार ग्राहकाला निवडता यावा, हा या सुधारणेचा हेतू. निवड बदलली तरी पाइप तोच राहतो, मीटर तोच राहतो, शेगडीत जळणारा गॅसही तोच. बदलते एवढेच की तो गॅस घाऊक बाजारात कोणी विकत घेतला आणि बिल कोणी पाठवले. म्हणजे हे सारे काम हिशेबाचे आहे. हा हिशेब नीट बसण्याआधी ग्राहकाच्या हाती निवड दिली, तर चुकीची बिले पहिल्याच हिवाळ्यात दारात येतात.

बिलाची फोड

एका सरासरी घराचे वर्षाचे बिल घ्या आणि त्याचे भाग पाडा: गॅसची घाऊक किंमत, मोठ्या वाहिनीचे भाडे, शहरातील वितरण, मीटर, ग्राहकसेवा व नफा, कर. वाहिनी आणि वितरण ही नैसर्गिक मक्तेदारी आहे. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांचे पाइप टाकणे परवडत नाही. स्पर्धा शक्य आहे ती घाऊक खरेदीत आणि ग्राहकसेवेत. हा हिस्सा बिलात लहान असेल, तर ग्राहकाची बचतही लहानच राहणार. हे आकडे सुरुवातीलाच जाहीर करावेत.

घाऊक गॅस आणि जाळे

नव्या पुरवठादाराला गॅस मिळणार कुठून? जुन्या कंपनीने सगळा गॅस दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवला असेल, तर परवाने कितीही वाटले तरी बाजार उभा राहत नाही. त्यासाठी जुन्या कंपनीला करारांतील काही गॅस इतरांना विकायला लावावा लागतो. ब्रिटनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे केले. मात्र त्या करारांत ‘उचला अथवा पैसे भरा’ अशी अट असते. ग्राहक गेले तरी कंपनीवर गॅसचा बोजा राहतो, आणि बाजारभाव पडला की तो असह्य होतो. हा तोटा कोण सोसणार, हे आधी लिहून ठेवावे; नंतरचा वाद वर्षानुवर्षे चालतो.

पाइपांचे जाळे चालवणारी कंपनी आणि गॅस विकणारी कंपनी वेगळ्या हव्यात. खाती वेगळी ठेवणे ही पहिली पायरी, वेगळी कंपनी ही दुसरी, वेगळी मालकी ही तिसरी. आमच्या मते पहिल्या पायरीवर थांबू नये, कारण कोणता ग्राहक किती गॅस वापरतो ही माहिती एकाच छताखाली राहिली की ती विक्री विभागापर्यंत पोहोचतेच. ब्रिटनची सरकारी मक्तेदार कंपनी ब्रिटिश गॅस १९८६ मध्ये अखंड स्वरूपात खासगी झाली. तिची पुरवठा आणि जाळे अशी विभागणी व्हायला १९९७ उजाडले. जाळ्याची राखीव क्षमता ग्राहकाबरोबर नव्या पुरवठादाराकडे जाईल, असा नियमही हवा. नाहीतर जुनी कंपनी क्षमता अडवून बसते.

रोजचा ताळमेळ

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. पुरवठादाराने जाळ्यात जेवढा गॅस आत घातला तेवढाच त्याच्या ग्राहकांनी काढला का, हे दररोज जुळवावे लागते. घरांचे मीटर मात्र रोज वाचले जात नाहीत, म्हणून अंदाजाचे सूत्र वापरतात: रोजचा स्थिर वापर, अधिक थंडीच्या प्रत्येक अंशामागचा वापर.

समजा स्थिर वापर ०.८ घनमीटर, पाया-तापमान (ज्याखाली घर तापवायला गॅस लागू लागतो) १८ अंश आणि त्याखालील प्रत्येक अंशाला ०.३५ घनमीटर. दिवसाची सरासरी ८ अंश असेल, तर अंदाज ०.८ अधिक ३.५, म्हणजे ४.३ घनमीटर. प्रत्यक्षात पारा ५ अंशांवर गेला तर वापर ५.३५. गरजेचा जवळपास पाचवा हिस्सा कमी पडला. एक लाख ग्राहकांचा पुरवठादार त्या दिवशी १.०५ लाख घनमीटर गॅस शोधत असतो, आणि नेमके त्याच दिवशी बाकी सगळेही शोधत असतात. म्हणून तुटीचा दंड त्या दिवसाच्या बाजारभावाशी जोडावा. तो स्वस्त ठेवला तर पुरवठादार मुद्दाम तुटीत राहतात. अवाच्या सवा ठेवला तर लहान पुरवठादार बुडतात.

पुढे मीटरचे खरे वाचन आले की अंदाजाशी फरक काढून पैसे वळते करावेत. गळती, चोरी आणि मीटरच्या त्रुटींमुळे काही गॅस हिशेबात कुणाच्याच नावावर बसत नाही. त्याची वाटणी कोणत्या सूत्राने होणार, हेही पहिल्या दिवसापासून ठरलेले असावे.

बिल घनफळावर न करता ऊर्जेवर करावे. वेगवेगळ्या स्रोतांच्या गॅसची उष्णता वेगळी असते. ब्रिटनमधील घरगुती सूत्र असे: घनमीटर × १.०२२६४ × उष्मांक ÷ ३.६ = किलोवॅट-तास. उष्मांक म्हणजे एक घनमीटर गॅस जळून मिळणारी उष्णता; १.०२२६४ ही तापमान व दाबासाठीची दुरुस्ती. उष्मांक ३९.५ मेगाज्यूल असताना १०० घनमीटरचे १,१२२ किलोवॅट-तास होतात, ३८ असताना १,०७९. सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो.

मीटरची नोंदवही

प्रत्येक मीटरजोडणीला कायमचा स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि त्याची एकच मध्यवर्ती नोंदवही असावी. तीत पत्ता, मीटरचा अनुक्रमांक, मोजण्याचे एकक, मीटरवरील आकड्यांची संख्या, वार्षिक वापर आणि सध्याचा पुरवठादार हवा. एककाचा रकाना किरकोळ वाटतो, पण जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. घनमीटरचा मीटर चुकून घनफुटांचा म्हणून नोंदला गेला की बिल २.८३ पट होते, आणि ते वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही. एकाच इमारतीतील दोन घरांच्या मीटरची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. बाजार उघडण्याआधी नमुना निवडून घरोघरी तपासणी करावी.

पुरवठादार बदलण्याचे टप्पे मोजके ठेवावेत: ग्राहकाची नोंदलेली संमती, करार रद्द करण्याची मुदत, बदलाच्या तारखेचे मीटर वाचन, जुन्याचे अंतिम बिल. वाचन एकच असावे आणि ते दोन्ही पुरवठादारांनी वापरावे. दोन वेगळी वाचने घेतली तर मधला गॅस दोनदा आकारला जातो किंवा सुटतो. संमतीविना बदललेला ग्राहक विनाखर्च परत पाठवावा आणि दंड त्याला बदलून घेणाऱ्या पुरवठादाराने भरावा. गॅसगळतीची तक्रार घेणे मात्र नेहमी जाळ्याच्या कंपनीकडे आणि एकाच दूरध्वनी क्रमांकावर ठेवावे.

न निवडणारे ग्राहक आणि बुडणारे पुरवठादार

बरेच ग्राहक काहीच निवडत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९९९ मध्ये अशा ग्राहकांना विक्रेत्यांच्या बाजारातील वाट्याप्रमाणे वाटून टाकले. चुकीच्या बिलांचा डोंगर झाला, आणि २००२ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या ग्राहकांसाठी नियंत्रित पुरवठादार नेमावा लागला. ओहायोत या ग्राहकांच्या पुरवठ्याचा लिलाव होतो: वायदे बाजाराच्या मासिक भावावर किती जादा घेणार, यावर बोली लागते. हा मार्ग आम्हाला अधिक न्याय्य वाटतो, कारण न निवडणाऱ्यालाही स्पर्धेतून ठरलेला दर मिळतो.

दरावर कमाल मर्यादा घालायची तर ती घाऊक भावाबरोबर वेळेवर हलली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१९ पासूनची मर्यादा सहा महिन्यांनी बदलत असे. २०२१ मध्ये घाऊक भाव उसळले तेव्हा पुढचा गॅस आगाऊ न घेतलेले वीसहून अधिक पुरवठादार काही महिन्यांत कोसळले, आणि त्यांचे ग्राहक सामावून घेण्याचा खर्च अखेर सगळ्यांच्या बिलांवर पडला. त्यातल्या अनेकांनी ग्राहकांचे आगाऊ जमा पैसे खेळते भांडवल म्हणून वापरले होते.

म्हणून परवाना देताना तीन गोष्टी तपासाव्यात. ठरावीक दराने विकलेल्या गॅसपैकी किती गॅस आधीच खरेदी केला आहे? घाऊक भाव दुप्पट झाला आणि हिवाळा कडक पडला तर कंपनी किती आठवडे तगेल? ग्राहकांची जमा रक्कम वेगळ्या खात्यात आहे का? ही तपासणी दर तिमाहीला पुन्हा करावी. एखादा पुरवठादार बुडाला की त्याचे ग्राहक सांभाळणारा, शेवटचा आधार ठरणारा पुरवठादारही आधीच नेमलेला हवा.

टप्पे आणि मोजमाप

मोठे कारखाने आधी, घरे शेवटी. ब्रिटनने १९९२ मध्ये मक्तेदारीची मर्यादा, म्हणजे ज्याहून कमी वापर असणाऱ्यांना निवड नव्हती तो वापर, वर्षाला २५,००० थर्मवरून (थर्म हे उष्णतेचे एकक, सुमारे २९.३ किलोवॅट-तास) २,५०० थर्मवर आणली, एप्रिल १९९६ मध्ये नैऋत्य इंग्लंडमधील सुमारे पाच लाख घरांवर प्रयोग केला आणि मे १९९८ पर्यंत सगळे ग्राहक खुले केले. युरोपीय संघात बिगर-घरगुती ग्राहकांना जुलै २००४ पासून आणि सर्वांना जुलै २००७ पासून निवड मिळाली. पुढचा प्रदेश उघडण्याची अट तारखेपेक्षा आकड्यांवर ठेवावी: अंदाजे बिलांचे प्रमाण, चुकीच्या बदलांचे प्रमाण, अंतिम बिल मिळायला लागलेले दिवस.

किती ग्राहकांनी पुरवठादार बदलला, या एका आकड्यावर विसंबू नये. आक्रमक विक्रीनेही तो फुगतो. त्याऐवजी बाजारातील सर्वांत स्वस्त दर आणि वर्षानुवर्षे एकाच पुरवठादाराकडे असलेल्या ग्राहकाचा दर, यांतले अंतर दर तिमाहीला प्रसिद्ध करावे. तुलना वार्षिक खर्चावर करावी, स्थिर आकार आणि मुदतपूर्व बाहेर पडण्याचे शुल्क धरून. हे अंतर वाढत असेल, तर नव्या ग्राहकांची सवलत जुन्यांच्या खिशातून जात आहे, आणि त्या जुन्यांत वृद्ध व गरीब ग्राहक किती आहेत हे त्याच तक्त्यात वेगळे दाखवावे.