कर्जाचे हप्ते आणि घरखर्च: बारा महिन्यांचा हिशेब कसा मांडावा

कर्ज फेडण्याचा निश्चय केलेल्या कुटुंबाचे अंदाजपत्रक पहिले दोन-तीन महिने नीट चालते आणि मग एखाद्या मोठ्या खर्चापाशी येऊन अडते. त्या खर्चाला आपण अचानक आलेला खर्च म्हणतो, परंतु नागपूरच्या घरात तो बहुधा दरवर्षी ठरलेल्या महिन्यातच येतो. मार्च-एप्रिलमध्ये वर्षभराचे गहू, तांदूळ आणि तूरडाळ भरायची असते, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की कूलर दिवसरात्र चालतो, जूनच्या अखेरीस शाळा उघडतात, भाद्रपदात महालक्ष्म्यांचे जेवण असते आणि त्यामागोमाग दिवाळी येते. महिन्याच्या वहीत या खर्चांना जागा नसल्यामुळे ते क्रेडिट कार्डावर किंवा हातउसन्या पैशांवर भागवले जातात, आणि एकीकडे जुने हप्ते फेडत असतानाच दुसरीकडे नवे कर्ज उभे राहते. आमच्या घरी कर्जफेडीचे पहिले वर्ष याच कारणाने वाया गेले, म्हणून वार्षिक खर्चांपासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगतो.

गेल्या वर्षीच्या पावत्या आणि बँकेचे खातेउतारे घेऊन घरातल्या सर्व मोठ्या माणसांनी एकत्र बसावे. उदाहरणादाखल, धान्य आणि मसाल्यांना 22,000 रुपये, शाळेचे शुल्क, पुस्तके व गणवेश यांना 28,000, कूलरची दुरुस्ती आणि उन्हाळ्यातील वाढीव वीजबिल यांना 7,000, महालक्ष्म्या आणि दिवाळी मिळून 18,000, दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग यांना 5,000 आणि मालमत्ता करासाठी 4,000 असे धरले, तर वर्षाचे 84,000 रुपये होतात. म्हणजे दरमहा 7,000 रुपये वेगळे ठेवल्याशिवाय हे घर कर्जाबाहेर राहू शकत नाही. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात वळवावी आणि ते खाते मोबाईलवरील यूपीआयला जोडू नये. हप्ते थकलेले असताना पैसे बाजूला ठेवणे चुकीचे वाटते, हे मला ठाऊक आहे. पण जूनमध्ये शाळेसाठी पुन्हा कर्ज काढावे लागण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

त्यानंतर कर्जांची यादी करावी. प्रत्येक कर्जापुढे शिल्लक मुद्दल, व्याजाचा दर, मासिक हप्ता, हप्त्याची तारीख आणि जामीनदाराचे नाव लिहावे. किराणा दुकानातील उधारी आणि नातेवाइकांकडून घेतलेले पैसेही या यादीत आलेच पाहिजेत. व्याजाचे सगळे दर वार्षिक करून लिहिले म्हणजे खरे चित्र दिसते, कारण शेकडा पाच रुपये महिना हा बोलण्यात किरकोळ वाटणारा दर वर्षाला 60 टक्के होतो. असा व्यवहार करणाऱ्या सावकाराकडे परवाना आहे का, हे अवश्य तपासावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याविरुद्ध सहकार विभागाच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

कोणते कर्ज आधी फेडावे, याचे उत्तर बहुतेक घरांत क्रेडिट कार्ड हेच असते. कार्डावर 45,000 रुपये थकले असतील आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचे व्याज 1,575 रुपये होते आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी धरून ते सुमारे 1,860 रुपयांवर जाते. अशा वेळी किमान देय म्हणून 2,250 रुपये भरले, तर त्यातले जेमतेम 390 रुपये मुद्दलात जमा होतात. त्याऐवजी दरमहा 4,000 रुपये भरले आणि कार्डावर नवी खरेदी पूर्ण बंद केली, तर साधारण सोळा महिन्यांत ते कर्ज संपते. खरेदी बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण मागील थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही.

बँकेने 12 टक्के वार्षिक दराने सोनेतारण कर्ज दिले, तर त्याच 45,000 रुपयांचे महिन्याचे व्याज 450 रुपये येते, त्यामुळे कार्डाचे कर्ज तिकडे वळवणे हिशेबाने योग्य ठरते. मात्र हे पाऊल दागिने ज्यांचे आहेत त्यांच्या मनापासूनच्या संमतीनेच उचलावे आणि त्या पैशांतून थकबाकी भरताच कार्ड बंद करावे. अन्यथा वर्षभरात कार्डही भरते आणि दागिने लिलावात जाण्याची भीतीही उभी राहते. भिसी लागली, तर तिची रक्कम थेट सर्वाधिक व्याजाच्या कर्जात भरावी.

व्याजाच्या या क्रमाला मी एकच अपवाद करीन. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा किंवा कार्यालयातील सहकारी जामीन राहिला असेल, तर दर कमी असला तरी तो हप्ता कधीही चुकू देऊ नये, कारण वसुलीची नोटीस त्याच्या घरी जाते. बिनव्याजी पैसे देणाऱ्या नातेवाइकांनाही दरमहा 500 रुपये का होईना, ठरलेल्या तारखेला पोहोचवावेत.

रोजच्या खर्चात कपात करताना मुलांच्या दुधाला आणि औषधांना हात लावू नये. भाजी आठवड्यातून एकदा कॉटन मार्केटमधून आणि धान्य दोन-तीन घरांनी मिळून इतवारीतून किंवा कळमन्यातून घाऊक घेतले, तर फरक जाणवतो. महावितरणचा घरगुती वीजदर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातो, त्यामुळे उन्हाळ्यात दर आठवड्याला मीटरची नोंद घेऊन वापर वरच्या टप्प्यात जाण्याआधीच आवरता येतो.

हप्ता चुकणार असे दिसताच तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनांनुसार वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, तसेच कर्जदाराला धमकावू नये. असे घडल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी शुल्क लागत नाही.

एक कर्ज संपले की त्याचा हप्ता त्याच महिन्यापासून पुढच्या कर्जाला जोडावा. गृहकर्ज शेवटी ठेवावे. त्याचा दर बदलता असेल, तर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही; जादा रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्यास लेखी सांगावे. प्रत्येक कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा, दुचाकीच्या नोंदणीवरील बोजा आरटीओ कार्यालयातून उतरवावा आणि दोन महिन्यांनी सिबिल या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल पाहून त्यात ते कर्ज बंद दाखवले आहे याची खात्री करावी. हा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. घराची मूळ कागदपत्रे पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत परत करणे 1 डिसेंबर 2023 पासून बँकांवर बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, म्हणून शेवटचा हप्ता भरल्याची तारीख वहीत ठळक लिहून ठेवावी.